टाकीपाशी बसणारी माणसं

आमचे भाऊजी, म्हणजे माझा धाकटा दीर, गावाला पाणी सोडायचे. पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव. नळाचं पाणी काही रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी कुठल्या आळीला किती वेळ, यावरून बायका एकमेकींच्या अंगावर जातात. भाऊजींच्या वेळेला भांडणं कमी व्हायची. वरच्या आळीतल्या एकट्या म्हातारीचा हंडा भरल्याशिवाय ते व्हॉल्व्ह बंद करत नसत. मी अंगणवाडी सेविका, आमचे हे टेम्पो चालवतात, दोघंही दिवसभर बाहेर. घरात लेकरांना लळा होता तो भाऊजींचाच.

मग त्यांना आवाज ऐकू यायला लागले. आधी आमच्या लक्षात आलं नाही. जेवता जेवता थांबायचे, भिंतीकडं बघून "व्हय, कळलं" म्हणायचे. एका उन्हाळ्यात त्यांच्या मनानं घेतलं, की टाकीत कुणीतरी विष कालवलंय. हातात पहार घेऊन ते व्हॉल्व्हपाशी उभे राहिले आणि कुणाला जवळ येऊ देईनात. पाण्याचा दिवस, बायका रिकामे हंडे घेऊन उन्हात ताटकळलेल्या. कुणी शिव्या देत होतं, कुणी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतं. कुणीतरी पोलिसांना फोन केला.

पोलीस आले, त्यांनी पहार खाली टाकायला सांगितली. भाऊजींनी ती वर उचलली आणि एका शिपायाच्या खांद्याला लागली. मग काठ्या पडल्या. त्यांचं मनगट मोडलं. कुणाच्या तरी गोठ्यातलं दावं आणून त्यांचे हात बांधले. जीपमध्ये घालेपर्यंत ते एकच ओरडत होते, "पाणी पिऊ नका, पाणी पिऊ नका."

ठाणं, कोर्ट, मग पुण्याचं मनोरुग्णालय. काही महिन्यांनी गोळ्यांची पिशवी घेऊन ते घरी आले. हात वाकडा बसला होता. पंचायतीनं त्यांचं काम दुसऱ्याला दिलं होतं. पाण्याच्या दिवशी मात्र भाऊजी पहाटे उठून ओट्यावर बसायचे.

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका आमच्या आळीत राहायचे. ग्रामसभेत तेच उभे राहिले. म्हणाले, "पुन्हा असं झालं तर पोलिसांच्या आधी आम्हाला बोलवा. आम्ही बघू." मागून कुणीतरी म्हणालं, "हे काय हिवरे बाजार हाय व्हय?" लोक हसले. पण सरपंच म्हणाले, बघा करून, माझं काय जातंय.

काकांच्या जोडीला मी होतेच. शेजारची मावशी आली. ती आणि तिचा नवरा दरसाल ऊसतोडीला जातात. भाऊजींना तिनं लहानपणापासून पाहिलेलं. तालमीतला एक पैलवानही आला. भाऊजींच्या गोळ्या आणायला आम्ही नगरच्या सरकारी दवाखान्यात गेलो, तेव्हा चौघंही डॉक्टरबाईंसमोर बसलो. त्यांनी समजावून सांगितलं. आधी गर्दी हटवायची. बोलायचं ते एकानंच. अंगाला हात लावायचा नाही. ते म्हणतील ते खरं मानू नका, पण खोडूनही काढू नका. मावशीनं विचारलं, "मग बोलायचं तरी काय?" बाई म्हणाल्या, "जे रोज बोलता तेच."

पुढं एकदा भाऊजी पुन्हा टाकीपाशी जाऊन बसले. हातात काही नव्हतं, पण व्हॉल्व्हवर पाय देऊन होते, आणि पाणी सोडणारा नवा माणूस घाबरून पळून आला होता. पैलवानाचं काम ठरलेलं. भाऊजींकडं पाठ करून तो उभा राहिला आणि लोकांना मागं सारत राहिला. काका घरोघर जाऊन सांगत होते, जरा दम धरा, पाणी येतंय. मावशी मुगाच्या शेंगांची पाटी घेऊन टाकीपासून थोडं लांब बसली आणि शेंगा सोलायला लागली.

मग मावशी म्हणाली, "लई तहान लागलीय रं. पन तू म्हनतोस पानी चांगलं न्हाई."

"न्हाईच हाय," भाऊजी म्हणाले.

"मग काय करावं मानसानं?"

त्यांनी टाकीकडं बघितलं. मग म्हणाले, "उकळावं लागंल."

मावशीनं तिथंच तीन दगड मांडले, मला घरून पातेलं आणि चहा-साखर आणायला सांगितली. टाकीचंच पाणी घेऊन खळखळा उकळू दिलं. भाऊजी जवळ येऊन पातेल्यात वाकून बघत होते. तिनं चहा केला, आधी स्वतः प्यायली. मग त्यांनी पेला घेतला. ऊन कलल्यावर ते आपल्या पायांनी घरी आले. वाटेत मला म्हणाले, "वहिनी, सगळ्यांना सांगा, उकळून प्या." मी खरंच दोन-चार घरी सांगितलं.

त्या दिवशी मला वाटलं, जमेल. आणखीही एकदा जमलं. गावातली माणसं भाऊजींना पुन्हा नावानं हाक मारायला लागली. एकीनं तर मला माहेरच्या बहिणीसाठी विचारलं, तिच्या घरात एकाचं असंच आहे, तुमची मावशी येईल का.

दसरा झाला आणि ऊसतोडीचे ट्रक आले. मावशीची टोळी कोपरगावकडं निघाली. पैलवानाच्या घरचंही त्या वर्षी पिकलं नव्हतं, बायकोबरोबर तोही कोयता घेऊन गेला. निम्मं गाव रिकामं होतं आमचं तेव्हा. दारांना कुलपं, मागं म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. काकांचे गुडघे गेले होते, लेकीनं त्यांना नगरला नेलं. जाताना म्हणाले, "फोन कर गं, मी येतो." पण त्यांना जिनाही उतरता येत नव्हता.

थंडीत भाऊजींनी गोळ्या थुंकायला सुरुवात केली. जिभेखाली धरून ठेवायचे आणि परसात टाकायचे. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. आमचे हे राहुरीला कांदा घेऊन गेलेले, त्यात पाण्याचा दिवस, आणि भाऊजी टाकीच्या शिडीवर अर्ध्यात जाऊन बसले. नव्या माणसाची पहार त्यांनी बरोबर नेली होती.

मी पातेलं घेऊन गेले. दगड मांडले, चूल पेटवली.

भाऊजी वरून म्हणाले, "तुमी त्यांच्यातल्या हायेत, वहिनी. जावा."

मग मी मावशीला फोन लावला. ती उसाच्या फडात होती. पाचटाची सळसळ ऐकू येत होती, कुणीतरी मोळ्या मोजत होतं. मी तिला सगळं सांगितलं आणि फोन स्पीकरवर टाकून वर धरला.

"काय रं बाबा," ती म्हणाली, "जेवलास का न्हाई?"

भाऊजींनी मान वळवली. एकेक पायरी उतरून आले, माझ्या हातातून फोन घेतला, कानाला लावला आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. पहार मांडीवर होती, पण हात सैल झाले होते. मावशी काय बोलत होती मला ऐकू येत नव्हतं. ते "हं, हं" करत होते. एकदा हसले.

मागं लोक जमत होते, आणि त्यांना सारायला कुणी नव्हतं. मी हात जोडून लांब व्हा म्हणत होते. एका मुलाची आई तापानं पडली होती, घरात प्यायला थेंब नव्हता. त्यानं पोलिसांच्या एकशेबारा नंबरला फोन केला. त्याला मी काय बोलणार?

जीप टाकीपर्यंत आली. मी आडवी गेले. "साहेब, थोडा वेळ द्या. बोलतायत ते, खाली आलेत."

हवालदार वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "ताई, बाजूला व्हा. मागच्या वेळी आमच्या माणसाचा खांदा निखळला होता. आता काही झालं तर मला विचारतील, तुम्हाला नाही."

भाऊजींनी जीप बघितली आणि उठले. पहार उचलायच्या आत चौघांनी त्यांना खाली पाडलं. तोंड मातीत, पाठीवर गुडघा. या वेळी त्यांनी आरडाओरडा केला नाही. फोन बाजूला पडला होता, अजून चालूच. त्यातून मावशीचा आवाज येत होता, "काय झालं? अरं बोल की. पोरी, काय झालं गं?" मी फोन उचलला. तिनं सगळं ऐकलंच असणार.

या खेपेला ते मनोरुग्णालयात जास्त दिवस राहिले. परत आले ते हळू चालत, हात थरथरत, तोंडातून लाळ गळत. आवाज येतात का विचारलं तर नाही म्हणतात. पाण्याच्या दिवशी उठत नाहीत.

कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडल्यावर टोळी परतली. अंगावरची धूळही न झटकता मावशी आमच्याकडं आली, भाऊजींच्या खाटेजवळ बसली. भाऊजींनी भिंतीकडं तोंड केलं. ती रोज यायची, ते रोज तोंड फिरवायचे. शेवटी एकदा बोलले, पण तिच्याशी नाही, माझ्याशी. "हिनंच मला बोलन्यात गुतवलं. ते येस्तवर."

मावशी म्हणाली, "न्हाई रं बाबा, आईची आन." मग पदर तोंडाला लावून बाहेर गेली. त्यानंतर ती आमच्या घरात येत नाही. रस्त्यात भेटली तर "कसा हाय?" विचारते आणि उत्तर ऐकायच्या आधी चालायला लागते.

पुढच्या ग्रामसभेत मी विषय काढला. सरपंच म्हणाले, माणसं कुठून आणायची, तुम्हीच सांगा. खरंच, कुठून आणायची? पैलवान आता तिकडंच कारखान्यावर राहिलाय. काका फोनवर बोलतात, पण त्यांनाच मधेमधे आपण कुणाशी बोलतोय ते आठवत नाही. डॉक्टरबाईंची बदली झाली. नवे डॉक्टर गोळ्या लिहून देतात.

सकाळी अंगणवाडीला निघताना मी भाऊजींच्या खोलीला बाहेरून कडी लावते. पाण्याचा तांब्या आणि भाकरी आत ठेवते. पहिल्या दिवशी हात कडीवर ठेवून मी तशीच उभी राहिले होते. आतून त्यांचा आवाज आला, "लावा, वहिनी. तुमाला उशीर व्हतोय."