लातूरचा पेपर, नांदेडचा पेपर

भूकंपाच्या साली मी लातूरच्या एका दैनिकात मुद्रितं तपासायला लागले. गावोगावच्या मृतांच्या याद्या यायच्या. मालकच संपादक होते. म्हणायचे, "बाई, एकही नाव चुकू देऊ नका. मागं जे कुणी उरलंय, ते हे वाचणार आहे." मी एकेक नाव दोनदा वाचायचे.

पुढे मालक थकले आणि पेपर एका कंपनीने घेतला. तोवर लातूर क्लासेसचं गाव झालं होतं. निकालाच्या दिवशी पहिलं पान क्लासवाल्यांच्या जाहिरातींचं, बातम्या आत.

एका दुपारी नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याचे एक एसटी कंडक्टर कचेरीत आले. त्यांची मुलगी एका क्लासच्या वसतिगृहात राहायची. तिथल्या टाकीतल्या पाण्याने तिच्यासह बऱ्याच पोरींना कावीळ झाली होती. आमच्या वार्ताहराने टाकी पाहिली, डॉक्टरांना विचारलं, बातमी लिहिली. मी तपासून पुढे पाठवली. सकाळी पेपरात ती नव्हतीच.

कंडक्टर पुन्हा आले. मी म्हटलं, "नांदेडच्या पेपरात द्या."

"आदी तिकडंच गेल्तो, ताई. ते म्हणले, लातूरला इचारून सांगतो. दोन्हीकडं मालक एकच हाय."

मला हे ठाऊकच नव्हतं. लाज वाटली.

चार दिवसांनी माझ्या टेबलावर मजकूर आला: 'क्लासच्या बदनामीचा डाव'. काही पालक म्हणे अफवा पसरवत होते. मी तो घेऊन थेट व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये गेले.

"हे धडधडीत खोटं आहे. आपल्याच माणसानं टाकी पाहिलीय."

त्याने मान वरही केली नाही. "मॅडम, तुमचं काम ऱ्हस्व-दीर्घ बघायचं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "मग आता तेही तुम्हीच बघा," म्हणत कागद त्याच्यापुढे आदळला आणि नोकरी सोडून बाहेर पडले.

डॉक्टरांची कागदपत्रं घेऊन कंडक्टर आणि मी नगरपालिकेच्या आरोग्य विभागात दोन दिवस बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी साहेब उठले. टाकी उघडली, तेव्हा वासाने तेच मागे सरले. टाकी साफ झाली, पण त्या मुलीची परीक्षा हुकली. वर्ष गेलं.

आणि पेपरात काय आलं? टाकीपाशी उभ्या क्लासच्या संचालकांचा हसरा फोटो, 'स्तुत्य स्वच्छता उपक्रम'. लातूरलाही तोच, नांदेडलाही तोच. कंडक्टर दोन्ही अंक घेऊन घरी आले, तेव्हा मी ते त्यांच्यासमोर टराटरा फाडले. त्यांनी मला अडवलं नाही.