न घासलेल्या सळया

रावेरजवळच्या केळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये माझी नात केमिस्ट आहे. तरुणपणी जळगावच्या एका कारखान्यात मीही हेच काम करायची, म्हणून माझी विद्या तिच्यात उतरली असं मी सांगत फिरते. खरं तर माझी सगळी विद्या 'हो सर' म्हणण्यात होती. इतकं गोड म्हणायची, की साहेबांना चुकीचं बोलायचीही भीती उरली नव्हती.

काम असं. यंत्र थंड करणाऱ्या पाण्याच्या पाइपात लोखंडाच्या बोटाएवढ्या दोन सळया बसवायच्या, त्यांच्यातून अगदी बारीक वीज सोडायची. ती किती वाहते यावरून पाणी लोखंड किती वेगाने खातंय ते मीटर सांगतो. पाइप उघडून बघावा लागत नाही.

आता आमची तऱ्हा ऐका. खंडेनवमीला बठ्ठी, म्हणजे झाडून सगळी, अवजारं घासूनपुसून पूजेला मांडतात, त्यात या सळयाही निघतात. मी तर त्या चिंचेने चकचकीत करून, कुंकू लावून परत बसवायची आणि स्वतःवरच खूश व्हायची. नुकत्याच घासलेल्या लोखंडाला पाणी जास्त झोंबतं, त्यामुळे आकडा चढतो आणि काही दिवसांनी आपोआप उतरतो. प्रत्येक साहेबाला हे पाठ.

यंदाही पूजेनंतर नातीचा आकडा चढला. साहेब हसला. पूजेचा आकडा आहे म्हणाला, दिवाळीचा माल भरलाय, प्लांट बंद होणार नाही. त्या पाण्याच्या नळ्यांभोवती गारवा करणारा अमोनिया वायू असतो. नळीला भोक पडलं तर तो पाण्याबरोबर पाणी गार करायच्या टॉवरमधून हवेत सुटणार, आणि टॉवरला लागूनच्या शेडमध्ये बाया केळी धुतात.

नात घरी आली ती हिरमुसलेली. म्हणाली, "आजी, यंदा मी सळया काढल्याच नव्हत्या. कुंकू बाहेरून पाइपला लावलं."

"म्हणजे आकडा खरा! मग हे त्याला सांगितलं का?"

सांगितलं होतं. त्यावर तो म्हणे, प्रथा मोडलीस हे कुणाला सांगू नकोस.

माझं डोकंच फिरलं. माणसं गुदमरतील त्याचं काही नाही, याला कुंकवाची पडली आहे! राग सगळा निघाला पोरीवर.

"घरमा हो सर म्हणणारी एक मी शे, तेवढी पुरे," मी म्हटलं.

सकाळी तिने आधी बायांना शेडबाहेर काढलं, सगळं समजावून सांगितलं, मग साहेबाकडे गेली. बाया परत आत जाईनात. माल अडला, तेव्हा कुठे याने प्लांट थांबवला. अमोनिया काढून घेतला, नळ्यांच्या तोंडावरचं झाकण उघडलं. नातीने एका नळीत स्क्रूड्रायव्हरचं टोक जरासं दाबलं, तर ते आरपार गेलं.

आता तिथे नवी सूचना लागली आहे. पूजेसाठी सळया काढायच्या नाहीत, कुंकू बाहेरून लावायचं. खाली सही साहेबाची, अक्कलही त्याचीच ठरली.

नात म्हणते, जाऊ दे आजी. मी कशाला जाऊ देऊ? रावेरची पहिली बस किती वाजता सुटते ते मी विचारून ठेवलंय.