उरुसातलं कुलूप

परभणीत आमच्या घरामागे चार खोल्या आहेत, दिवसाच्या भाड्याने द्यायच्या. उरुसात पाय ठेवायला जागा नसते. मग लग्नसराईचे वऱ्हाडी येतात, मग भरतीला पळायला आलेली पोरं. पितृपक्षात मात्र चिटपाखरू फिरकत नाही. यंदा त्या ओसाड दिवसांत मला कोपऱ्यातल्या खोलीच्या कुलपात चावी फिरल्यासारखं ऐकू येतं. हातातलं काम टाकून मी धावते. दारात कुणी नसतं.

ती खोली येलदरीकडच्या एका बाईची. फार वर्षांपूर्वी उरुसाला आलेले ते नवरा-बायको तिथं उतरले आणि दाराला स्वतःचं पितळी कुलूप लावलं. एक चावी तिच्याकडे, एक त्याच्याकडे. चहा पिऊन येतो म्हणून तो गेला, तो गेलाच. तेव्हापासून मासळीचा धंदा उरकून ती दर उरुसाला तिसऱ्या दिवशी येते, त्याच खोलीत राहते. जाताना कुलूप उघडं करून माझ्याकडे देते. "उरुसाच्या पैल्या दिवशीच दाराला दाबून ठिवा बाई. मालक आले तर कुलूप वळखतील."

माझी जीभ तिखट. एकदा म्हणाले, "एवढी वर्षं माणूस चावी सांभाळत बसलाय व्हय?"

"चावी हरवायचे न्हाईत ते," ती म्हणाली.

गेल्या उरुसात पहिल्याच दिवशी एक कुटुंब लेकराबाळांसह ओट्यावर येऊन बसलं, हटेचना. दोन दिवसांचा तर प्रश्न, म्हणून मी ती खोली त्यांना दिली. त्यांनी आपलं कुलूप लावलं. पितळी कुलूप माझ्या फडताळात राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्यातली बाई नळावर धुणं धुता धुता म्हणाली, "मघाशी एक म्हातारा आमच्या कुलपाला चावी लावू लागला होता. मी वरडले. खोली चुकली म्हणला अन् गेला."

मी अनवाणी स्टेशनपर्यंत पळाले. त्या गर्दीत शोधू कुणाला? त्याचा चेहराही मी विसरले होते.

तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा खोली रिकामी होती आणि दाराला तिचं कुलूप होतं. तिने नेहमीसारखं विचारलं, "कुणी येऊन गेलं का वो?"

मी नाही म्हणाले. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

"येतील पुढल्या साली," तिने कमरेची चावी काढली. "तुमी कुलूप तेवढं लावत जा."