गोठलं नाही, थिजलं

"आमां पाणी छे! पाणी वगर बरफ थाय?" शेठ अ‍ॅसिडच्या कॅनवर बुक्की मारत ओरडले. "पास कोणे कर्युं?"

पास मी केलं होतं. पांडेसऱ्यातल्या त्या डाईंग मिलमध्ये लॅब केमिस्ट म्हणून मला जेमतेम चार महिने झाले होते. नव्वदच्या दशकातला जानेवारी. सुरतेत थंडी पडते यावर माझा तोवर विश्वास नव्हता. त्या सकाळी ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे पाचही कॅन आतून पांढरे घट्ट झाले होते. हे व्हिनेगरमधलंच अ‍ॅसिड, पण जवळजवळ बिनपाण्याचं. कातडी भाजतं, वाफ नाकात गेली तर पूर्वज आठवतात. पॉलिएस्टर रंगवताना पाण्याला आंबटपणा आणायला ते लागतं.

"शेठ, शुद्ध आहे म्हणूनच सोळा-सतरा डिग्रीला घट्ट होतं," मी हिंदीत समजावलं. "पाणी असतं तर झालं नसतं." टायट्रेशनचा, म्हणजे अ‍ॅसिडचं प्रमाण मोजल्याचा, कागदही दाखवला.

शेठनी तो बघितलाच नाही. "माल पाछो जशे. तमे पण साथे जाव!"

माल परत, वर नोकरीही गेली. घरी नुकतीच मनिऑर्डर सुरू केली होती.

तेवढ्यात रंगखात्यातले भिकाआप्पा पुढे आले. मूळचे धुळ्याकडचे. कॅन हलवून मला म्हणाले, "सायेब, हाई गोठेल नई, थिजेल शे. पानी गोठस, तूप थिजस." मग शेठकडे वळून, "शेठ, असली घी ठंडी में जमता है ना? तेल मिलाव, तो नहीं जमता."

शेठ पक्के सुरती, घारीवर तूप ओतून खाणारे. एकदम शांत झाले. "एम बोलो ने!"

"बॉयलरले चिटकाडी देऊ का? लगेच पाघयी," आप्पा मला म्हणाले.

"खबरदार! वाफ पेट घेते!"

हातमोजे, गॉगल चढवले. झाकणं सैल करून कॅन कोमट पाण्याच्या टबात ठेवले. दुपारपर्यंत अ‍ॅसिडही वितळलं, शेठही.

आठ दिवसांनी शेठच्या केबिनमध्ये गेलो होतो. तहान लागली म्हणून फ्रीजमधली बाटली घेतली. झाकण उघडताच नाकात अ‍ॅसिडची सणक गेली.

"ए नवा सप्लायरनुं सॅम्पल," शेठ अभिमानाने म्हणाले. "रातथी मूक्युं छे, जम्युं नथी. नकली छे!" थिजतं का बघायला रात्रभर फ्रीजमध्ये अ‍ॅसिड, तेही पाण्याच्या बाटलीत!

तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो. शेठला पटवावं, पण पुरतं पटवू नये.