मी फोनवर वारलो त्याची गोष्ट

मी फोनवर वारलो, तेव्हा माझी तब्येत उत्तम होती.

दोष माझ्या मेव्हण्याचा, देवरूखच्या दत्ताचा. (तो अजून उलटं सांगत फिरतो. फिरू दे!) रत्नागिरीत माझा आंब्याच्या पेट्या बनवायचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन करवती आणि नवाकोरा फोन, सगळं माझ्या घामाचं. कामगार शिमग्याला गावी गेलेले, हंगाम तोंडावर आणि लाकडाचा तुकडा नाही! दत्ताच्या परसात जुना रायवळ आंबा होता. तो मिळाला नाही तर बागायतदारांना पेट्या कुठून देणार? ट्रंक कॉल लावला, आधी सवयीने दोन मिनिटं दत्तावर खेकसलो, मग झाडाचा भाव विचारला.

"बाराशे."

मी गप्प. हे माझं हत्यार! आपण हूं की चूं करायचं नाही. समोरचा घाबरून आपोआप उतरतो.

"अकराशे... भावजी?"

मी श्वास रोखला.

"हजार! भावजी, ऐकताय ना? अगो ताये, हे बोलत नाहीत गो!"

(ताई म्हणजे माझी बायको. माहेरी गेली होती.)

"डॉक्टर सांगत होते, चिडू नका म्हणून!" ती किंचाळली. मला वाटलं, नाटक! आणखी शंभर उतरतील. तेवढ्यात लाइन तुटली. शिजू दे जरा, म्हणून रिसीव्हर टेबलावर काढून ठेवला, शेडला कुलूप ठोकलं आणि मांडवीला मित्राकडे जेवायला गेलो. जेवलो, झोपलो.

तिन्हीसांजेला परतलो, तर गल्लीत कुत्रंही भुंकेना. शेडचं कुलूप फोडलेलं. दारात ट्रक, त्यात ताज्या तोडलेल्या लाकडांचा ढीग. वीसेक माणसं माझ्याकडे पाठ करून कंदिलाच्या उजेडात आत वाकून बघत होती.

"आत नाहीत," दत्ता कुजबुजला. "कुलूप तर बाहेरून. ऑपरेटर म्हणाली, फोन उचललेला आहे, पण पलीकडून कुणी बोलत नाही."

"मग उचलला कुणी?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

मी मागून विचारलं, "कोण गेलं?"

वीस तोंडं वळली. एक उघडेना. पुन्हा विचारलं. तरी नाही. शेजारच्या नानांनी कंदील खाली नेऊन आधी माझी पावलं सरळ आहेत का ते बघितलं. एवढी शांतता मीही कधी कुणाला दिली नव्हती! मग मीही हळूच माझी पावलं बघून घेतली.

शेवटी बायकोने पुढे येऊन मला कडकडून चिमटा काढला. मी बोंबललो.

"जिवंत आहेत मेले!" ती म्हणाली. (पुढचं छापण्यासारखं नाही.)

तेवढ्यात माझं ट्रककडे लक्ष गेलं. "दत्ता, हा तुझा रायवळ?"

"तुमच्या सरणासाठी तोडला, भावजी. चौघे दुपारभर घाम गाळत होतो."

"म्हणजे... फुकट?"

"मेलेल्याला फुकट. जिवंत माणसाला पंधराशे. ट्रकभाडं धरून."

मी भाव पाडायला तोंड उघडलं, तशी वीसच्या वीस माणसं चार पावलं मागे सरली. मुकाट्याने पंधराशे दिले. उगाच गावभर व्हायला नको, की हा मेला तरी याची घासाघीस सुटली नाही!