जळकं तेल आणि दोराचं दुसरं टोक

माझी जागा रुतलेल्या गाडीत असते. मुरुडच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या वाळूत उतरतात. गाड्या खाली नेऊ नका अशी पाटी आहे, तिच्याशेजारी उभं राहून लोक फोटो काढतात आणि गाडी खाली नेतात. अर्धं चाक वाळूत गेलं की टोचनसाठी, म्हणजे गाडी ओढून काढायला, आमचा फोन वाजतो. नवरा पिकअप घेऊन येतो, तिच्या मागच्या आकड्याला होडीचा जुना दोर अडकवतो आणि रुतलेल्या गाडीच्या स्टिअरिंगवर मला बसवतो. मालकाला बसवलं तर तो घाबरून चाक वळवतो किंवा नको तेव्हा ब्रेक दाबतो. म्हणून लग्नानंतरची माझी बरीच वर्षं परक्या गाड्यांत गेली, नवऱ्याच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला.

आमची एकच खूण ठरलेली. मी एक हॉर्न दिला की त्याने थांबायचं. पुढे तो, मागे मी, मध्ये ताणलेला दोर आणि पाठीला समुद्र, अशा वेळी त्या एका हॉर्नवर माझा जीव असायचा. लग्नात भटजींनी काय काय वचनं म्हणून घेतली ती मला आठवत नाहीत. हे एक पक्कं ध्यानात होतं.

घरात मी त्याला 'अवो' म्हणते. इथे 'तो' म्हणणार आहे. लिहिताना समोर बसून कोणी डोळे वटारत नाही.

लोकांचा राग नाकावर असतो, याचा हातात. दार उघडलं नाही की आधी लाथ, मग कडी काढायची. बिघडलेली कुठलीही वस्तू आमच्याकडे आधी मार खाते आणि मग दुरुस्तीला जाते. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात भात करपला म्हणून त्याचा हात माझ्यावरही उठला. मी मंडणगडच्या डोंगरातली. कोयती घेऊन उंबऱ्यावर बसले आणि सांगितलं, परत हात उठला तर तो खांद्याला राहणार नाही. परत उठला नाही. पण राग काही कुठे विरघळत नाही. तो पिकअपवर निघायला लागला. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते असं.

पिकअप मूळ एका बोटीवरच्या माणसाची. त्याने हौसेने घेतली होती, कंटाळला तसा आम्हाला विकली. तिचे गिअर आपोआप पडतात, डाव्या पायाला कामच नाही. पहिल्या दिवशी नवरा खूश झाला, दुसऱ्या दिवसापासून त्याने ती होडीसारखी हाकायला घेतली. हे मी थट्टेने लिहीत नाही. त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या होड्या ओढल्या. पावसाळ्याच्या तोंडावर होडी वर घेताना सगळे दोराला लागतात. एक जण आवाज देतो, बाकीचे झटका मारतात, दोर सैल सोडतात, होडी जराशी मागे येते, की परत आवाज आणि परत झटका. अशी झुलवत झुलवत ती वर चढते. नवरा पिकअपमध्ये बसून तोच आवाज द्यायचा. गिअर पुढे, पाय तळाला. चाकं फिरत असतानाच गिअर मागे. लगेच परत पुढे.

क्लचची गाडी असला मार थोडा सोसते. हिच्या गिअरबॉक्समध्ये लाल, पातळ तेल असतं. इंजिनाची ताकद त्या तेलातूनच चाकांकडे जाते. झटके बसले की ते तापतं, आणि निवायला वेळ दिला नाही तर करपतं. माझे वडील चिखलणीला बैल धरायचे. बैल फुसफुसायला लागला की नांगर सोडून बांधावर बसायचे. मी नवऱ्याला हे सांगितलं तर तो बोलला, "बैल शेण टाकतो, गाडी टाकत नाय."

पहिला वास मलाच आला. मागच्या गाडीत बसणाऱ्याच्या तोंडावर पुढच्या गाडीचा सगळा वारा येतो. करपलेली भाकरी आणि पेटलेलं रबर एकत्र केलं तर येईल तसा वास. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा भांडले, तेव्हा कुठे तो दापोलीला मिस्त्रीकडे यायला तयार झाला.

मिस्त्रीने तेलाची पट्टी ओढली आणि पांढऱ्या फडक्यावर पुसली. फडक्यावर डांबरासारखा पट्टा उमटला. त्याने ते फडकं नवऱ्याच्या नाकाखाली धरलं.

"आतल्या प्लेटा झिजल्यात," मिस्त्री बोलला. "त्यांची पूड तेलात उतरलीय. आता त्या पुडीवरच गाडी पकडते. सगळं तेल एकदम बदललंस तर जाग्यावर उभी राहील. थोडं काढायचं, थोडं नवीन घालायचं, असं करत जायचं. आणि तोपर्यंत टोचन बंद."

"टोचन बंद करून खाऊ काय?"

"त्ये मला काय इचारतोस. ही गाडी हाय, होडी नाय, एवढं कळाया पायजे व्हतं."

गॅरेजात चारपाच जण होते, ते हसले. नवऱ्याने मिस्त्रीची कॉलर धरून त्याला बॉनेटवर आपटलं. मिस्त्री म्हातारा असला तरी हातात पाना होता. तो त्याने फिरवला आणि नवऱ्याची भुवई फाटली. रक्त डोळ्यात गेलं तरी हा दिसेल त्याला मारत सुटला, त्यात टायरला हवा भरायला आलेला एक रिक्षावालाही होता. सगळ्यांनी मिळून दोघांना सोडवलं. मी नवऱ्याच्या भुवईवर पदर दाबून त्याला दवाखान्यात नेलं आणि टाके पडताना मनात म्हटलं, अजून एक फटका बसायला हवा होता.

मिस्त्रीच्या बोलण्यातलं त्याने सोयीचं तेवढं उचललं. तेल बदललं तर गाडी उभी राहील. म्हणून तेल बदललंच नाही. थोडं थोडं बदलायचं आणि टोचन बंद ठेवायचं, हे भुवईच्या रक्ताबरोबर वाहून गेलं. पुढच्या शनिवारी मी परत कुणाच्या तरी गाडीत बसले, दोर ताणला गेला आणि वास आला. मी बसले कशाला, असं कोणी विचारेल. मी नाही बसले तर तो मालकाला बसवेल आणि दोघांचं काहीतरी होईल, असं मला वाटायचं. शिवाय त्याच्यावर माझा जीव आहे. हे लिहायला लाज वाटते, पण आहे.

मग तो रविवार आला. भरती लागली होती आणि एक मोठी पांढरी गाडी पार ओल्या वाळूत बसली होती. बायकामुलं वर सुरूच्या झाडांखाली उभी, मालक खाली, तोंडाला दारूचा वास. नवऱ्याला उशीर झाला म्हणून त्याने शिवी दिली. नवऱ्याने दुप्पट दिली. मालकाने कानाखाली वाजवली. पुढे जे झालं ते मारामारी म्हणण्यासारखंही नव्हतं, दोन रेडे एकमेकांवर गेल्यासारखं होतं. नवऱ्याने त्याला पाण्यात पाडून त्याच्या छातीवर गुडघा दिला, लाट दोघांच्या तोंडावरून गेली, मालकाने याच्या दंडाचा चावा घेतला. लोकांनी दोघांना ओढून बाजूला केलं तेव्हा नवऱ्याची मूठ मालकाच्या एका दातावर कापली होती.

"बस," नवरा मला बोलला.

"अवो, आज नको. तुम्ही आधी थंड व्हा."

"पाणी थांबतंय काय तुज्यासाठी? बस."

मी बसले. पाणी दाराला लागलं होतं. तो पिकअपमध्ये चढला आणि मला तिच्या बाजूच्या आरशात त्याचं तोंड दिसलं. त्या मालकाला मारायचं जे राहिलं होतं ते सगळं आता पिकअपला मिळणार, हे मला कळलं.

पुढे. मागे. पुढे. मागे. तो होडीचा आवाज देत होता, पण त्या आवाजामागे झटका मारायला दुसरं कोणी नव्हतं. पिकअपच्या पोटाखालून निळा धूर निघाला. मी हॉर्न दिला. तो थांबला नाही. परत दिला. मग मी हॉर्नवर हात ठेवून दिला आणि काढलाच नाही. त्याने गाडी पार मागे घेतली, दोर माझ्या बॉनेटवर सैल पडला, आणि त्याने पाय तळाला दाबला.

पिकअपचा आकडा जोडासकट उखडला. दोराबरोबर तो सरळ माझ्याकडे आला. काच फुटली, माझा गाल उघडला, खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला. पुढे पिकअपचं इंजिन किंचाळत होतं, चाकं मात्र जागच्या जागी उभी. आतलं पकडणारं सगळं जळून गेलं होतं. खालून काळं तेल वाळूत गळत होतं.

नवऱ्याने खाली उडी मारली. तो गुडघ्यांवर बसला, डोकं खाली घातलं आणि पिकअपच्या पोटाखाली बघितलं.

मी दार ढकलून पाण्यात उतरले. उजवा हात लोंबत होता. डाव्या हाताला दोर लागला, तो मी धरला आणि चालत गेले.

"तेल गेलं गं," वर न बघता तो बोलला. "समदं तेल गेलं."

मी त्याला दोराने मारलं. ओल्या, मिठाने जड झालेल्या दोराने, पाठीवर, मानेवर, कानावर. किती ते माहीत नाही. तोंडाने मी काय बोलत होते तेही आठवत नाही; गावातल्या बायका सांगतात की मी एकही शब्द बोलले नाही. कोणी मध्ये आलं नाही. त्याने हात वर केला नाही, मारायलाही नाही आणि वाचायलाही नाही. एकदाच वळून त्याने माझ्या गालाकडे पाहिलं आणि तो वाळूत बसून मोठ्याने रडायला लागला. मला दया आली नाही. ती नंतर आली, हाड जुळताना.

गाववाले दोराला लागले. कोणीतरी आवाज दिला आणि दोन्ही गाड्या होड्यांसारख्या झुलवत वर काढल्या. इस्पितळात नवरा माझ्या उशाशी बसून दोन दिवस ज्याने आकडा वेल्डिंग केला त्याला शिव्या देत होता. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

पावसाळाभर पिकअप मिस्त्रीकडे होती. मी एकटी गेले होते. नवऱ्याने गॅरेजात पाय ठेवायचा नाही, या अटीवर मिस्त्रीने काम घेतलं. प्लेटा नवीन पडल्या, तेल नवीन पडलं, आकडा जाड बसवला. मी माहेरी भावाच्या टेम्पोवर गाडी शिकले होते. किल्ली घेताना मी नवऱ्याला माझी अट सांगितली. यापुढे पिकअप मी चालवणार, मागच्या गाडीत तो बसणार. नाहीतर मी मंडणगडला. त्याने पायातली वाळू झटकली आणि मान हलवली.

पहिलं काम दिवाळीनंतर आलं. मी खालचा गिअर टाकला आणि वडिलांनी बैल धरला असता तसा दोर हळूहळू ताणून घेतला. झटका नाही, आवाज नाही. आरशात मागच्या काचेतून तो दिसत होता, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलेला. गाडी अर्ध्यावर आली आणि दोर करकरला. बहुतेक त्याची नजर आकड्यावर गेली. त्याने एक हॉर्न दिला.

माझा पाय उचलला गेला नाही. दोर अजून ताणला. दुसरा हॉर्न आला, मग तिसरा, आणि आरशातलं ते तोंड मी नीट बघून घेतलं. मग पाय उचलला.

थोडं थांबून मी गाडी हळूच वर काढली, इंजिन चालूच ठेवून बॉनेट उघडलं, पट्टी ओढून फडक्यावर पुसली. तेल लाल होतं, वास नव्हता. तोवर तो चालत आला.

"हॉर्न ऐकला नायस?"

"ऐकला," मी बोलले आणि पट्टी परत आत घातली.