बेबीताईंशी भांडणारी माणसं

राजकमल चौकामागच्या गल्लीत खुशालरावांचं पुस्तकांचं दुकान आहे. रविवारी तिथं पुस्तकं कमी खपतात आणि चहा जास्त. दोन बाकांवर नेहमीचे वाचक दाटीवाटीनं बसतात आणि एकमेकांची यथेच्छ खरडपट्टी काढतात. दुकानाचा एकच नेम. पुस्तक घ्यायचं तर आधी त्यातलं एक पान सगळ्यांना वाचून दाखवायचं, मग त्यावर भांडायचं.

त्या भांडणात बेबीताई तायडे सगळ्यांच्या पुढं. खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत नर्स म्हणून उभी हयात गेलेली, नवरा वारलेला, मुलगी पुण्यात. आठवडाभर घरात बोलायला भिंती. म्हणून रविवारी त्या खुशालरावांवर तुटून पडायच्या. कादंबरीतली बाई नवऱ्याचा मार सोसत राहिली की खुशालराव म्हणायचे, "संसार टिकवला तिनं."

"असे टिकवलेले संसार म्या टाके घालून शिवले हायेत," ताई कडाडायच्या. "मले नका सांगू!"

इतक्या वर्षांत दोघांपैकी कोणी माघार घेतली नाही. ताई जगत होत्या त्या याच भांडणावर.

पावसाळ्यापासून मात्र त्यांना ओळी दिसेनाशा झाल्या. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, हे नर्सबाईला कोणी सांगायला नको होतं. दुकानात त्यांनी याचा वासही लागू दिला नाही. "आधीचंच संपलं नाही," म्हणत नवं पुस्तक टाळत राहिल्या. एकदा कळलं की आपण वाचकांतून उठून पेशंटांत जाऊन बसणार, ही धास्ती त्यांना आंधळेपणापेक्षा मोठी होती.

या रविवारी खुशालरावांनी ताईंनीच पूर्वी मागवलेली कादंबरी त्यांच्या हातात ठेवली. "वाचा ताई. सारे वाट पाहून राहिले."

ताईंनी पान उघडलं. नुसता राखाडी धूर. रचून काहीतरी वाचायचं मनात आलं, पण एवढी मोठी थाप तोंडातून निघेना.

"माहे डोये चालले, खुशालराव. पान दिसत नाही मले."

मग सगळे एकदम गोड झाले. कोणी पाठीला उशी दिली, कोणी पंखा वाढवला. कॉलेजात शिकवणाऱ्या मोनालीनं त्यांच्या हातातून पुस्तक घेऊन पान वाचलं. त्यातली बाई मार खाऊन माहेरी आली होती आणि बाप तिला परत धाडत होता. एरवी यावर दुकान पेटलं असतं.

"परत जायाचं नाही तिनं," ताई म्हणाल्या. "मेली तरी नाही."

"तुमचंच खरं, ताई," खुशालराव म्हणाले.

हा माणूस हार मानतो? ताईंनी तोंड त्याच्या आवाजाकडं वळवलं आणि जन्मात कधी न काढलेले शब्द मुद्दाम काढले. "नाही तं जाऊ द्या. जावं तिनं परत. नवऱ्यानं दोन हाणले तं काय झालं? बाईनं सोसावंच."

आता तरी कोणी तुटून पडेल म्हणून त्या कान टवकारून बसल्या. मोनालीनं पुस्तक अलगद मिटलं. बाकावरून कोणीतरी त्यांच्यापुढं चहा सरकवला.

"हो ताई, तेबी खरंच हाये," खुशालराव हळू आवाजात म्हणाले, आणि ताईंची बोटं धरून चहाच्या कपाला लावून दिली.